१४ सेंटिमीटरचं भांडण

दिवाळीत कोपरगावच्या घरी माळा आवरताना दादाचं अर्धवट मेसरश्मिट १०९ सापडलं. १:७२ स्केल, म्हणजे पंख जेमतेम १४ सेंटिमीटर! दुसऱ्या महायुद्धातली ही फायटर विमानं जर्मनीने ३३ हजारांहून जास्त बनवली. आमचं एकच, तेही अपुरं. मधे घराच्या वाटणीवरून दादाशी अबोला धरलेला.

रात्री बसून पंख चिकटवले. शेपटीवरच्या स्वस्तिकाशी मात्र अडले. दारातल्या रांगोळीतलं शुभ, पण हे? आपल्याच जिल्ह्यातल्या निमजच्या नामदेव जाधवांनी १९४५ साली इटलीत याच जर्मनांशी लढून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. शेपटी कोरीच ठेवली.

फोटो दादाला पाठवला. पाच मिनिटांत उत्तर : ‘पायलट माझ्या पाकिटात आहे. घेऊन येतो.’