उसने दांत

आपल्या मराठीनें दांतांना जितकें कामाला लावलें आहे, तितकें क्वचितच दुसऱ्या एखाद्या अवयवाला लावलें असेल. चिडलेला मनुष्य दांतओठ खातो, शरण आलेला दांतीं तृण धरतो, आणि मुलांना समजावतां समजावतां आईबापांच्या दांतांच्या कण्या होतात. पण एवढ्या भरगच्च वाक्प्रचारांत कवळीला मात्र कोणीं जागा दिलेली नाहीं. चष्मा आपण चारचौघांत पुसतों. कवळीचें नांव निघतांच घरोघर आवाज खालीं येतो. ही लाज दिसते तितकी निरुपद्रवी नाहीं, असें मला वाटतें.

वस्तुतः कवळीचें कूळ मोठें आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांनीं १७८९ सालीं अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हां त्यांच्या तोंडांत स्वतःचा असा एकच दांत उरला होता; बाकीचें काम पाणघोड्याचे दांत, धातु आणि दुसऱ्या माणसांचे दांत यांवर चालत असे. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईंत पडलेल्या सैनिकांचे दांत काढून त्यांच्या कवळ्या युरोपांत विकल्या गेल्या. त्या मानानें आपण भाग्यवान. १९३७ च्या सुमारास ॲक्रिलिक आलें, आणि हिरडीच्या रंगाची हलकी कवळी हळूहळू सामान्य गृहस्थाच्या आवांक्यांत आली.

मला स्वतःला तिची ओळख व्याकरणाच्या वाटेनें झाली. आमचें वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरांत झाला, अशी कथा राजशेखरानें काव्यमीमांसेंत सांगितली आहे. अशा गांवीं साहित्य शिकविणाऱ्या माझे वरचे चार दांत बावन्नाव्या वर्षीं गेले, आणि त, थ, द, ध, न या वर्णांना दंत्य कां म्हणतात, हें वर्गांतल्या शेवटच्या बाकालाही कळूं लागलें. चार दांतांची लहानशी कवळी बसविली. पहिले आठ दिवस जीभ तिच्याशीं भांडत होती. मग दोघींचा सलोखा झाला.

आईची गोष्ट निराळी. तिचें बहुतेक आयुष्य रिसोड तालुक्यांतल्या एका खेड्यांत गेलें. निंबाची काडी आणि राखुंडी हीं तिचीं दंतमंजनें. त्यांतल्या काडीला सुश्रुतानेंही मान दिला आहे: कडूंमध्यें निंब श्रेष्ठ, तिखटांमध्यें करंज. राखुंडीनें मात्र दांत झिजतात. सत्तरी उलटल्यावर तिला पुरी कवळी बसविली, आणि त्या हिवाळ्यांत कितीएक वर्षांनीं तिनें हुरडा खाल्ला. पण रात्रींही ती कवळी काढीना. "रातीबेराती कोनी आलं, तं बोयकं तोंड घेऊन कशी जाऊ?" हा तिचा प्रश्न. कांहीं महिन्यांनीं टाळू लाल झाली, ओठांचे कोपरे चिरले. आधीं ठेचा सुटला, मग भाकरी सुटली. वरणभात कालवून ती नुसता गिळूं लागली. आल्यागेल्यांनीं मान हलवून म्हटलें, "वय झालें." दंतवैद्यानें तोंड पाहिलें आणि सांगितलें, "हें वय नव्हे, बुरशी आहे."

कारण साधें आहे. कवळीखालची हिरडी लाळेच्या वाहत्या पाण्याला पारखी होते, आणि रात्रंदिवस झांकलेल्या त्या ओलसर जागीं बुरशीला रान मोकळें मिळतें. इतकेंच नव्हे, जपानांतील पंच्याऐंशी वर्षें व त्यावरील वृद्धांची एक पाहणी २०१५ सालीं प्रसिद्ध झाली, तींत कवळी घालून झोंपणाऱ्यांना फुप्फुसदाहाचा धोका सुमारें दुप्पट आढळला. म्हणून रात्रीं कवळी काढून साध्या पाण्यांत ठेवावी. कोरडी पडली तर तिचा आकार बिघडतो, आणि उकळत्या पाण्यांत ती वांकडी होते. मऊ ब्रशानें व सौम्य साबणानें ती घासावी. टूथपेस्टनें तिच्यावर चरे पडतात आणि चऱ्यांत जंतु वस्ती करतात. धुतांना खालीं पाण्यानें भरलेलें भांडें असावें, म्हणजे हातांतून निसटली तरी फुटत नाहीं. हिरड्या आणि जीभही रोज मऊ फडक्यानें पुसावी.

दांत गेले म्हणून दंतवैद्य सुटत नाहीं. दांताचें मूळ गेलें कीं जबड्याचें हाड झिजत जातें. तोंड बदलतें, कवळी होती तशीच राहते, आणि ढिली होऊन टोंचूं लागते. तिला घरीं कानस लावूं नये. वर्षांतून एकदां दंतवैद्याकडे जावें. तोंडांतली जखम दोन आठवड्यांत भरली नाहीं, तर तंबाखू खाणाऱ्यानें तर एक दिवसही दवडूं नये. गुटख्यावर आपल्या राज्यांत २०१२ पासून बंदी आहे. तंबाखूची पुडी मात्र अजून पुष्कळांच्या खिशांत आहे.

औषधानें आईची बुरशी गेली. लाज जाईना. तेव्हां एका रात्रीं मीं माझी कवळी काढून तिच्या वाटीशेजारीं दुसऱ्या वाटींत ठेवली. माझ्या तोंडाकडे पाहून ती खुदकन् हंसली. "तू तं माह्याहून म्हातारा दिसतं रे!" म्हणाली, आणि आपलीही काढून पाण्यांत सोडली. पुढच्या महिन्यांत ताटांत पुन्हां भाकरी आली.

घरांतल्या वृद्धांची नाडी आपण पाहतों, त्यांच्या गोळ्यांच्या वेळा पाळतों. पण त्यांना तोंड उघडावयास सांगणें आपल्याला अमर्याद वाटतें. म्हाताऱ्या माणसानें भाकरी बाजूला सारली, तर तें वैराग्यच असेल असें नाहीं. बहुधा कांहीं तरी दुखत असतें, आणि तें सांगण्याची लाज वाटत असते. अशा वेळीं आधीं उजेडांत तोंड पाहावें. वयाची गोष्ट मागाहून बोलावी.