भादव्यातला वसंत

शाळेच्या पुस्तकात सहा ऋतू होते आणि त्यातला वसंत चैत्र-वैशाखात होता. आम्ही तो पाठ केला, परीक्षेत लिहिला, पण घरी त्याची कुणी वाट बघत नसे. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या कड्यालगतच्या आमच्या डांगाणात ज्या वसंतासाठी जीव कासावीस होतो, तो भाद्रपदात येतो. आषाढ लागला की त्याची ओढ सुरू होते आणि श्रावण सरेपर्यंत ती सोसवेनाशी होते.

नगर जिल्हा म्हटलं की बाहेरच्यांना दुष्काळ आठवतो, आणि ते खरंच आहे. जिल्ह्याच्या मोठ्या भागात वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला तरी लोक समाधान मानतात. त्याच जिल्ह्यात घाटघर-रतनवाडीकडे चार-पाच हजार मिलिमीटर कोसळतो. कोकणातून चढून आलेले ढग आमच्या डोक्यावर रिकामे होतात आणि हलके होऊन पूर्वेला जातात. पण आकड्यावरून गारठा कळत नाही. एकदा झड लागली की पंधरा-पंधरा दिवस सूर्य दिसत नाही. धुकं घरात शिरतं. मीठ पाझरतं, काडी ओढली की गुल निघून येतो, वह्यांची पानं एकमेकांना चिकटतात. चुलीवर टांगलेल्या बांबूच्या ताटीवर ओलं सरपण, घोंगड्या, माझी शाळेची पिशवी, सगळं एकत्र वाळत असे, आणि वाळे ते धुराचा वास घेऊनच.

आवणीच्या दिवसांत आई दिवसभर इरल्याखाली वाकलेली. संध्याकाळी चुलीपुढे बसून ती पाय लांब करी. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून सुटलेली, मध्ये लालभडक भेगा. चिखल्या म्हणतात त्या. करंजाचं तेल कोमट करून मी कापसाच्या बोळ्यानं लावायची आणि ती दात आवळून निखाऱ्यांकडे बघत राहायची. या पायांना ऊन मिळावं, एवढंच मला त्या वयात देवाकडे मागायचं होतं.

सकाळी उठल्या उठल्या आम्ही पोरं अंगणाच्या कडेला जाऊन रतनगडाकडे बघायचो. गडाशेजारचा खुटा, तो उभा सुळका, दिसला तर उघडीप जवळ आली, असं आमचं गणित होतं. आठवडेच्या आठवडे तिथे नुसतं पांढरं दिसायचं. एके दिवशी मी वैतागून पावसाला ‘जा एकदाचा’ म्हणाले. आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “त्याला जा म्हणू नको बाई. धरण भरायचं हाये अजून.”

धरण म्हणजे भंडारदरा. १९१० साली बांधायला घेतलेलं, १९२६ साली पुरं झालेलं, अकरा टीएमसीचं. १५ ऑगस्टपर्यंत ते भरावं, अशी खालच्या मुलखाची आस असते. त्याचं पाणी प्रवरेच्या कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडे जातं. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचा ऊस याच पाण्यावर वाढला. आईनं ऊस कधी लावला नाही. साखर ती दुकानातूनच आणायची, तीही बेतानं. पण आपल्या दारात पडणाऱ्या पाण्यावर कुणाचं तरी वर्ष उभं आहे, हे तिच्या मनात इतकं पक्कं होतं की भेगाळल्या पायांनीसुद्धा तिनं पावसाला कधी दुखावलं नाही.

तिचं ते मोठेपण मला दिसतं, आणि तरीही मला वाटतं की ऊन मागण्याचा आम्हालाही हक्क आहे. तो काही नुसत्या मनाच्या उदासीचा प्रश्न नाही. भात निसवायला लागलं की त्याला उघडीप हवीच. फुलोऱ्यात झड लागली तर पराग धुऊन जातो, दाणा भरत नाही, लोंबी दिसायला उभी पण हातात घेतली तर पोचट. नागली-वरईलाही शेवटी ऊन लागतं. खुरासणीला तर मधमाश्या लागतात, आणि त्या पावसात बाहेर पडत नाहीत. शिवाय गारठ्यानं शेरडं-वासरं दगावतात, ते वेगळंच. पाऊस जसा वेळेवर यावा लागतो तसा तो वेळेवर थांबावाही लागतो. पण आमच्याकडे वाट बघण्याची रीत ठरलेली आहे ती पाऊस येण्याची. त्यासाठी धोंडी आहे, देवाला पाण्यात बुडवणं आहे. ऊन यावं म्हणून काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नाही.

पुढे राजूरला शिकायला राहिले. डांगाणातलंच गाव, तरी पाऊस आमच्यापेक्षा खूपच कमी. वसतिगृहात झोपताना अंथरूण कोरडं लागायचं आणि त्या कोरडेपणात आईचे पाय आठवून झोप उडायची. मग नोकरीनं नगरला आणलं. इथे पावसाळ्यात सकाळी वर्तमानपत्र उघडलं की आतल्या पानावर चौकट असते: घाटघर, रतनवाडी, पांजरे, भंडारदरा, वाकी, आणि प्रत्येकापुढे रात्रीतून किती मिलिमीटर झाला तो आकडा. कचेरीत तो मोठ्यानं वाचला जातो. आकडा मोठा असला की सगळ्यांचे चेहरे खुलतात, आणि ते खुलायलाच हवेत. ज्यांनी टँकरच्या रांगेत दिवस काढले त्यांचा तो आनंद आहे. मला त्याच आकड्यात ओली चूल दिसते. मी गप्प राहून दोन्ही गोष्टी मनात ठेवत आले.

२०२५ साली मात्र काही निराळंच झालं. पाऊस मे महिन्यातच आला आणि हटेना. सप्टेंबरात पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडे असा कोसळला की उभी पिकं पाण्यात गेली, माती वाहून गेली. ज्या गावांनी जन्मभर आभाळाकडे पाण्यासाठी डोळे लावले, तिथली माणसं ‘आता थांब’ म्हणू लागली. पाथर्डीकडची माझ्या ओळखीची एक बाई तेव्हा मला म्हणाली, “तुमच्याकडं दरसाल असंच असतं का हो? कसं राहता तुम्ही?” इतक्या वर्षांत हा प्रश्न मला नगरमध्ये पहिल्यांदाच कुणी विचारला. तिचं शेत गेलेलं होतं आणि ती माझी विचारपूस करत होती.

मी तिला आमच्या भादव्याबद्दल सांगितलं. पाऊस उघडतो तो एका सकाळी, काही न सांगता. बांधावर तेरडा गुलाबी झालेला असतो, आणि उतारांवर सोनकी अशी पसरते की डोंगराचा रंगच बदलतो. मागोमाग खुरासणी पिवळी होते. कारवीची पाळी असली तर रानं जांभळी दिसतात, पण त्यासाठी सात-आठ वर्षं थांबावं लागतं. घराघरांतून घोंगड्या, गोधड्या, उशा बाहेर येतात आणि कुंपणांवर, दगडांवर, जागा मिळेल तिथे पसरतात. डांगी गाई मुळात पावसाच्याच. त्यांची कातडी तेलकट, पाणी अंगावर ठरत नाही. पण त्याही त्या दिवशी माळावर उन्हाला आडवं अंग देऊन डोळे मिटतात. आई अंगणात पाय पसरून बसते. कामं असतात, तरी बसते. पायांवरचं ऊन सरकलं की ती जागा बदलते.

पंचांगातला वसंत आमच्याकडे येत नाही असं नाही. फाल्गुनात पळस-पांगारा पेटतो, कोशिंबाची पालवी लाल होते, बाया हिरडा गोळा करायला रानात जातात. देखणे दिवस असतात ते. पण त्याच दिवसांत झरे आटत जातात, आणि वैशाखात धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्यांना हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. एवढा पाऊस ज्यांच्या कौलांवर पडला त्यांच्यावर ही वेळ यावी, याचा मला फार राग आहे. डोंगरावरचं पाणी डोंगरातल्या माणसाला पुरेल अशी साठवण गावोगावी व्हायला हवी. तोपर्यंत त्या वसंताची ओढ लागावी कशी?

भादव्याची लागते. यंदाही आषाढ निम्मा झाला आहे, इथे नगरला ढगाळ आहे, नुसती भुरभुर. काल भावाचा फोन आला तेव्हा मागून कौलांवरचा आवाज इतका होता की दोघांनाही ओरडून बोलावं लागलं. आईनं फोन घेतला आणि नेहमीसारखं धरण किती भरलं ते आधी सांगितलं. मग म्हणाली, “गौरीला येशील तव्हा करंजाचं तेल आन. इथलं संपत आलंय.” गौरीसाठी रजेचा अर्ज मी आजच देऊन ठेवला आहे. तोवर उघडलं नाही तरी मी जाणार आहे.