पत्रिकेंत न लिहिलेलें

विवाह ठरवितांना आपल्या घरांतून वधूवरांच्या पत्रिका, गोत्र, नाडी हीं इतक्या बारकाईनें पाहिलीं जातात कीं, विचारावयाचें कांहीं राहिलें असेल अशी शंकाहि येऊं नये. तरी एक प्रश्न बहुधा राहतोच; किंबहुना तो राहावा अशीच उभयपक्षांची मूक संमति असते. ‘आपल्या घराण्यांत कुणाचा डोळा लहानपणीं गेला आहे काय, व कशानें?’ हा तो प्रश्न.

माझें आजोळ मुळशी तालुक्यांतील रिहे. घोटवड्याच्या बाजूस, डोंगरांच्या आश्रयानें वसलेलें हें गांव. पावसाळ्यांत चहूंकडे भाताचीं खाचरें. त्या घरांतील माझ्या एका मामेभावाचा डावा डोळा तो दीड वर्षांचा असतांना काढावा लागला. त्याविषयीं घरांत एकच वाक्य ठरलेलें असे : ‘लहानपणीं काडी लागली.’ पुढें त्याच्या लग्नाच्या बोलण्यांतहि काडीचीच कथा चालवावी, असें वडील माणसांचें मत पडलें. परंतु त्यानें मुलीला स्वतः भेटून खरें काय तें सांगितलें. मुलीनें होकार दिला. मात्र लग्नानंतर लगेच दोघांनीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, अशी अट घातली. रक्ताच्या तपासणींत दोष वंशगत असल्याचें ठरलें.

ह्या रोगाचें नांव रेटिनोब्लास्टोमा. डोळ्याच्या आंतील दृष्टिपटलाचा हा कर्करोग सुमारें पंधरा ते वीस हजार जन्मांत एका बालकास होतो, आणि तोहि बहुतेक पांच वर्षांच्या आंत. पेशींच्या वाढीस लगाम घालणाऱ्या एका जनुकाच्या प्रत्येक पेशींत दोन प्रती असतात. दोन्ही लगाम तुटले म्हणजे घोडा उधळतो. अमेरिकन संशोधक आल्फ्रेड नुडसन यांनीं १९७१ सालीं ४८ रुग्णांच्या हकीकती पडताळून हा दोन आघातांचा सिद्धान्त मांडला. ज्या मुलास पहिला आघात जन्मतःच मिळालेला असतो त्यास दुसरा एकच पुरतो. म्हणून अशा मुलांत रोग लवकर, व पुष्कळदां दोन्ही डोळ्यांत, दिसतो. तेराव्या गुणसूत्रावरील तें जनुक १९८६ मध्यें संशोधकांच्या हातीं लागलें.

हा दोष असलेल्या मातेच्या वा पित्याच्या प्रत्येक अपत्यास तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. सर्वांनाच तो वारशानें मिळतो असें मात्र नाहीं. दहांपैकीं सुमारें सहा रुग्णांचा रोग वंशगत नसतोच. आणि वंशगत असणाऱ्यांतहि अनेकांच्या घराण्यांत पूर्वीं कुणालाच तो झालेला नसतो. गरोदरपणीं ग्रहण पाहिलें म्हणून सुनेस बोल लावणाऱ्यांनीं हें अवश्य ध्यानांत घ्यावें.

मामेभावाची मुलगी जन्मली आणि पहिल्याच आठवड्यांत तिचे डोळे तपासण्यांत आले. पुढें ठरावीक मुदतीनें भूल देऊन तपासणी होऊं लागली. ‘दुधावरच्या पोरीला भूल कसली देतां?’ म्हणून मामी दोन दिवस जेवली नाहीं. तिचें दुःख खोटें नव्हतें. पोर हंसतखेळत होती, डोळे दिसावयास निर्मळ होते. तिसऱ्या तपासणींत उजव्या डोळ्यांत मोहरीएवढा ठिपका सांपडला. तो लेसरच्या किरणांनीं जाळण्यांत आला. आज ती मुलगी शाळेंत जाते व दोन्ही डोळ्यांनीं वाचते. तिच्या धाकट्या भावाच्या रक्तांत तो दोष नाहीं असें निघालें, म्हणून त्याची भुलेची यातायात टळली. संशोधनाचा हाहि लाभ लहान नव्हे.

ज्यांच्या घरीं असा इतिहास नाहीं त्यांनींहि दोन खुणा लक्षांत ठेवाव्या. एक, बाळाच्या बाहुलींत, विशेषतः छायाचित्र काढतांना पडणाऱ्या झोतांत, पांढरी चमक दिसणें. निरोगी डोळा त्या प्रकाशांत तांबूस दिसतो. ‘मांजरासारखे डोळे’ म्हणून त्या चमकेचें कौतुक करूं नये. दुसरी खूण, नव्यानें दिसूं लागलेला तिरळेपणा. चमक दिसली म्हणजे कर्करोगच असें नाहीं. ती जन्मजात मोतीबिंदूचीहि असूं शकते. पण त्यालाहि विलंब सोसत नाहीं, कारण आयुष्याच्या पहिल्या कांहीं महिन्यांत ज्या डोळ्याला दिसत नाहीं तो पाहावयास नीट शिकत नाहीं. आपल्याच राज्यांत, पालघर येथें, फेब्रुवारी २०१३ मध्यें राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्याचीं पथकें अंगणवाड्यांतून व शाळांतून मुलांची तपासणी करतात. तथापि आईच्या मांडीवरील बाळाकडे रोज पाहणारे डोळे घरांतलेच असतात.

आमच्या आजोळीं आतां काडीची कथा कुणी सांगत नाहीं. त्या कथेनें घराण्याची अब्रू किती राखली हें सांगणें कठीण आहे. ती आणखी एक पिढी चालती तर एका मुलीचा डोळा, कदाचित् प्राणहि, गेला असता. घरोघरच्या वडील माणसांस माझी एवढीच विनंती आहे कीं, आपल्या कुळांत कुणास कोणता नेत्ररोग, कोणत्या वयांत झाला, हें एका कागदावर लिहून तो मुलांच्या पत्रिकांबरोबर ठेवावा, आणि सोयरीक जुळतांना तोहि उघडून दाखवावा.