एकाच वाऱ्याचे दोन किनारे

मस्कत सोडून सूरच्या दिशेने निघाले की डाव्या हाताला समुद्र आणि उजव्या हाताला उघडेबोडके डोंगर, असे कितीतरी वेळ चालते. झाड नाही, गवताची काडी नाही. आमच्या कोकणी डोळ्यांना हे डोंगर सोलून ठेवल्यासारखे वाटले. तासाभराने मात्र त्यांचे रंग दिसू लागले. कुठे तपकिरी, कुठे जांभळट, कुठे चक्क हिरवट, आणि तोही झाडांचा नव्हे, दगडाचा.

कोकणातल्या मुस्लिम वस्तीत मस्कतचे नाव माहीत नाही असे घर सापडणार नाही. कुणाचे अब्बा तिथे होते, कुणाचा भाऊ, कुणाचा जावई. खजूर, अत्तर, ब्लँकेट आणि डाफ्ट यांच्या रूपाने हा देश आपल्या घरात आला. पण तो देश दिसतो कसा, हे तिथून परतलेल्यांकडून आम्ही फारसे कधी ऐकले नाही. खोली, कंपनी, जुम्याची मस्जिद आणि सुटीचा हिशेब एवढ्यातच त्यांच्या गोष्टी संपतात. दोष त्यांचा नाही. बारा तास राबणाऱ्या माणसाला डोंगराचा रंग कोण विचारतो!

आम्ही दोघे दिवाळीच्या सुटीत तिकडे गेलो ते भाच्याकडे. मोठ्या बहिणीचा, म्हणजे आमच्या आपाचा मुलगा. दापोली तालुक्यात वाढला, कॉलेजपासून कॅमेऱ्याच्या नादी लागला. धनेश, खंड्या, पावसाळ्यातले बेडूक आणि वेळासच्या किनाऱ्यावरची कासवाची पिल्ले असे त्याचे फोटो आमच्या शाळेतही भिंतीवर लागले आहेत. चौदा महिन्यांपूर्वी तो मस्कतला एका कंपनीत हिशेबाच्या कामावर गेला. आता कॅमेरा सुटणार, असे सगळ्यांना वाटले होते. झाले उलटेच. आता त्याला फोटो नव्हे, व्हिडिओ करायचे आहेत. तेही लग्नाचे किंवा खाण्यापिण्याचे नव्हेत, निसर्गाचे. आपाने आम्हाला निघताना सांगितले होते, "त्याच्या डोक्यात काय आहे ते बघून या, आणि जमले तर काढून या."

वाटेत बिम्मा नावाच्या ठिकाणी जमीन खचून झालेला मोठा गोल खड्डा आहे. त्यात हिरवेनिळे पाणी साठलेले. आकाशातून तारा पडून तो झाला, असे तिथले जुने लोक सांगत. खरे म्हणजे खालचा चुनखडक विरघळून वरचे छत कोसळले. लोक तिथे धडाधड सेल्फी काढत होते. भाच्याने कॅमेरा तिपाईवर लावला, दर पाच सेकंदांनी एक फोटो निघेल अशी योजना केली आणि तो आमच्याबरोबर चहा प्यायला बसला. म्हणाला, "खाला, तासाभरात सातशे वीस फोटो निघतील. सेकंदाला पंचवीस या वेगाने दाखवले तर अर्ध्या मिनिटाचाही व्हिडिओ होत नाही. पण कड्याची सावली पाण्यावरून सरकताना दिसेल." फोटोग्राफरला व्हिडिओकडे नेणारी ही पहिली पायरी, असे त्याचे म्हणणे.

सूर हे जुने बंदर. इथे अजूनही लाकडी गलबते बांधली जातात. फतह अल खैर नावाचे एक जुने गलबत किनाऱ्यावर जपून ठेवले आहे. अशा गलबतांसाठी सागवान मलबारच्या किनाऱ्यावरून यायचे, आणि येताजाता हीच गलबते आपल्या बंदरांनाही लागायची. उर्दू शिकवताना मौसम हा शब्द हजार वेळा फळ्यावर लिहिला असेल. अरबी मौसिम म्हणजे ठरलेली वेळ. गलबते हाकारण्याची वेळही त्यातच आली. इंग्रजांनी त्याचाच मान्सून केला. सूरच्या धक्क्यावर उभे राहिल्यावर तो शब्द जिथला तिथे बसला.

रात्री रास अल जिन्झला पोहोचलो. अरबस्तानच्या पूर्व टोकाजवळचा हा किनारा 1996 पासून कासवांसाठी राखीव आहे. हिरवी समुद्री कासवे इथे वर्षभर अंडी घालायला येतात. वेळासला येते ते ऑलिव्ह रिडले, साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोचे. इथली मादी शंभर किलोच्या सहज पुढे. गटागटाने, वाटाड्याबरोबरच जायचे, बोलायचे नाही. आणि मुख्य म्हणजे रात्री फोटो काढायचे नाहीत. प्रकाशाने मादी बिचकते आणि अंडी न घालताच परतू शकते. पिल्लेही समुद्राच्या उजेडाऐवजी भलत्याच उजेडाकडे चालू लागतात.

म्हणजे ज्या गोष्टीसाठी माणूस दोन-अडीचशे किलोमीटर येतो, तीच टिपायची नाही! आम्ही भाच्याकडे पाहिले. त्याने कॅमेरा गाडीतच ठेवला होता. मिणमिणत्या तांबड्या दिव्यात आम्ही ती मादी पाहिली. मागच्या वल्ह्यांनी ती खड्डा इतक्या सांभाळून उकरत होती की जणू पीठ मळते आहे. मग एकामागून एक पांढरी अंडी. शंभराच्या आसपास असतात, म्हणाले. नंतर वाळू उडवत तिने सगळे बुजवले आणि दमून दमून, थांबत थांबत पाण्याकडे गेली. सुबहानल्लाह, एवढेच तोंडून निघाले.

पहाटेच्या फेरीत उजाडल्यावर कॅमेरा चालतो. तोवर कासवे बहुतेक गेलेली असतात. उरतात ते वाळूवर ट्रॅक्टर गेल्यासारखे माग आणि त्यांच्यावरून फिरलेली कोल्ह्याची पावले. भाचा पालथा पडून ते माग टिपत होता. लाट येते, मागाचा शेवट पुसते, पुन्हा येते, आणखी थोडा पुसते. चार मिनिटांचा एकच तुकडा. फोटोत माग दिसला असता, पुसला जाणे दिसले नसते. आम्हाला त्याचा नाद तिथे पहिल्यांदा कळला.

मस्कतच्या त्याच्या खोलीत एका भिंतीला गाद्या आणि दुसऱ्या भिंतीला हार्ड डिस्कचा डबा. चांगल्या प्रतीचा तासभर व्हिडिओ म्हणजे पंचेचाळीस जीबी, आणि प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती ठेवायच्या, म्हणून पगारातले पैसे आधी त्यात जातात. दमट दिवसांत एसीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला तर भिंगावर वाफ धरते. म्हणून तो आधी पिशवीत बंद ठेवून अर्धा तास दाराबाहेर ठेवावा लागतो. दुपारी वाळूवरची हवा अशी थरथरते की लांबचे काही स्थिर दिसतच नाही. त्यामुळे काम फजरनंतरचे दोन तास आणि असरनंतरचा एक, तेही शुक्रवार-शनिवारी. ड्रोन त्याने घेतलेला नाही. तिथे त्याला परवाना लागतो, हे एक कारण. दुसरे आम्हाला अधिक पटले. आजकाल जो तो वरून दाखवतो, आणि वरून सगळे किनारे एकसारखेच सुंदर दिसतात.

त्याच्या व्हिडिओंना संगीत नसणार. यामागे आमच्या घरातला एक जुना वाद आहे. त्याचे दादा, आपाचे सासरे, तसवीर या गोष्टीच्या विरोधात होते. घरात सजीवाचे चित्र लावू देत नसत. कॅमेऱ्याने काढलेले चित्र हाताने काढलेल्या चित्रासारखेच मानावे का, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत, आणि त्यात आम्ही पडत नाही. पण त्याच्या अब्बांनी तेव्हा मुलाची बाजू घेतली होती. सूरह अल-गाशियामध्ये उंटाकडे, आकाशाकडे, डोंगरांकडे, जमिनीकडे पाहायला सांगितले आहे, तर पोरगा पाहतोच आहे ना, असे ते म्हणाले होते. दादांनी त्यावर होकारही दिला नाही आणि पुन्हा विषयही काढला नाही. आता दादा नाहीत. पण व्हिडिओवर बाजा चढवायचा नाही, हे भाच्याने त्यांच्यासाठीच ठरवले आहे. वारा, लाट, पक्षी आणि माणसाचे बोलणे, बस्स. माईकवर मांजराच्या पाठीसारखी केसाळ टोपी चढवून तो वारा गाळतो. ऐकायला बसलो तर त्या लाटेच्या आवाजात बारीक शंखशिंपले घरंगळताना ऐकू येत होते. संगीत असते तर ते गेलेच असते.

मग दोन दिवस सलालाला गेलो. मस्कतहून विमानाने दीड तास, रस्त्याने हजार किलोमीटर. आणि उतरताच वाटले, हे तर आपलेच! नारळ, केळी, पपई, रस्त्याकडेला शहाळ्यांच्या टपऱ्या. डोंगरात हजरत अय्यूब (अ.स.) यांची म्हणून ओळखली जाणारी कबर आहे, तिथे फातिहा पढलो. लोबानचा हा मुलूख. लोबानाचे झाड आम्ही प्रथमच पाहिले. बुटके, वेडेवाकडे, सालीला घाव घातला की दुधासारखा चीक येतो आणि वाळून खडे होतात. जुमेरातीला आपल्या घरात दरवळणाऱ्या धुराचे हे मूळ.

जून अखेरपासून सप्टेंबरपर्यंत इथे जो ऋतू असतो त्याला खरीफ म्हणतात. अरबीत खरीफ म्हणजे शरद. हाच शब्द आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी खरीप म्हणून आहे. उरलेले आखात भाजून निघत असते तेव्हा इथले डोंगर धुक्यात बुडून हिरवे होतात. आणि हे करणारा वारा आपलाच, नैर्ऋत्येचा. तो या किनाऱ्याला घासून जातो, वरचे पाणी ढकलतो, तळाचे थंड पाणी वर येते. त्या थंडाव्याने दमट हवेचे धुके होते, पण वरून वाळवंटाच्या गरम हवेचे झाकण असते, म्हणून ढग उंच चढत नाही. डोंगराला चिकटून भुरभुरतो. झाडे पानांवर ते धुके धरतात आणि थेंब थेंब मुळाशी सोडतात. डोंगराची पलीकडची बाजू मात्र कोरडी ठाक. तोच वारा पुढे अरबी समुद्र ओलांडताना पाणी भरून घेतो आणि सह्याद्रीला अडून आपल्याकडे धो धो ओततो. आम्ही गेलो तेव्हा खरीफ सरला होता, गवत पिवळे पडू लागले होते, गाई आणि उंट त्यातच चरत होते.

भाच्याचा बेत हाच आहे. एक वारा, दोन किनारे. दापोलीत पहिला पाऊस येतो ते दिवस, आणि सलालाच्या डोंगरावर धुके चढते ते दिवस, एका तासाच्या व्हिडिओत. निवेदन मराठीत, आणि गावाकडच्या भागात आपल्या कोकणी बोलीत, आपाच्या आवाजात. पावसाचे, वाऱ्याचे, मासळीचे जितके शब्द आपाला येतात तितके आम्हाला दोन भाषा शिकवूनही येत नाहीत. वर्गात मुलांना निसर्गाचे व्हिडिओ दाखवायचे तर ते कुठल्या तरी परक्या जंगलाचे आणि परक्या भाषेतले असतात. आपल्या बोलीतला एकही आमच्या हाती लागलेला नाही. म्हणून त्याच्या डोक्यातले काढून टाकायला गेलेलो आम्ही त्याच्याच बाजूचे होऊन परतलो.

पण अडचण वेळेची आहे. करार दोन वर्षांचा. पहिल्या खरीफात त्याला जेमतेम दोन दिवस मिळाले होते. हाती उरला आहे तो एकच खरीफ. त्यानंतर करार वाढेल की नाही, सांगता येत नाही. वर्षाची रजा तीस दिवस. ती सगळी सलालात घालवली तर आपाला मुलगा दिसणार कधी? तिने त्याच्यासाठी दोन स्थळेही पाहून ठेवली आहेत. रात्री जेवणानंतर आम्ही तिघे कॅलेंडर घेऊन बसलो. शेवटी रजेचे दोन तुकडे करायचे ठरले. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून पंधरा दिवस गावी, म्हणजे पाऊसही मिळेल आणि अम्मीही. मग जुलैमध्ये पंधरा दिवस सलाला. भाडे दोनदा पडणार नाही, कारण गावी येण्याचे तिकीट कंपनीच देते. स्थळे बघायचा कार्यक्रमही त्याच पंधरा दिवसांत उरकायचा, ही अट आपाची. भाच्याने ती मान खाली घालून मान्य केली.

अर्ज त्याने दिला आहे. साहेबांची सही अजून झालेली नाही. आम्ही परत आल्यावर आपाला सगळे समजावून सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने एवढाच निरोप पाठवायला सांगितला, की त्याला कौलांवरचा पाऊस हवा की पत्र्यावरचा ते लवकर कळव. बकऱ्यांच्या गोठ्याचा पत्रा यंदा मे महिन्यात बदलायचा आहे.