राखण

वडील गेल्यावर आई बेळगावच्या घरात एकटी पडली. सोबतीला अल्सेशियन आणावा असं ठरवून मी पिल्लू पाहूनही आलो.

पण १८९९ साली जर्मनीत माक्स फॉन श्टेफानिट्स यांनी ही जात घडवायला घेतली ती मेंढ्या राखण्यासाठी. तिला रोज तास-दोन तास पळायला हवं, डोक्याला काम हवं. पूर्ण वाढलेल्या ३०-४० किलोंच्या नरानं साखळीला हिसडा दिला तर आईच्या गुडघ्यांचं काय?

हे सांगितलं तशी आई हसली. "अरे, आपल्या शेतात मेंढरं बसवतात त्या धनगरांचा कुत्रा कळपामागं धावतो. माझ्याकडं कळप कुठाय? मला राखण नको, बोलायला माणूस हवं."

पिल्लू आणलं नाही. तेव्हापासून दर शनिवारी कोल्हापूरहून मीच बेळगावची एसटी धरतो.