लिहून ठेवलेली गाडी

आमच्या घरात एक वही आहे. लाल पुठ्ठ्याची, व्यापारी लोक वापरतात तशी लांबट. पहिल्या पानावर वरती ७८६, खाली गाडीचा नंबर आणि तारीख. साल २०१२. त्या वर्षी अब्बांनी सतरा सीटची ट्रॅव्हलर सेकंड हँड घेतली. मिरजेतून लग्नाची वऱ्हाडं, पंढरपूरचे वारकरी, अजमेरचे जायरीन, शाळांच्या सहली असं सगळं त्या गाडीनं वाहिलं.

अब्बा मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. वही मराठीत. रकाने चारच: तारीख, किलोमीटर, काय केलं, किती पैसे. "ऑइल बदली, फिल्टरसह." "मागचं डावं पंक्चर, कराडजवळ." "ग्रीसिंग." फेरी कितीही रात्री संपो, हातपाय धुऊन इशा पढायची आणि मग वही उघडायची. आम्ही भावंडं हसायचो. ते म्हणायचे, "याद पे भरोसा नको रे, लिख के रख."

एकदा मी विचारलं, एवढं कशासाठी? त्यांनी कुरआनातल्या सर्वांत लांब आयतीचा दाखला दिला. सूरह बकरातली ती आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते. मी म्हटलं, इथं उधारी कुठं आहे? तर म्हणाले, "सतरा माणसं माझ्या भरवशावर डोळे मिटून झोपतात. ती अमानतच आहे. तिचा हिशेब नको का?"

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये गाडी दारात उभी राहिली आणि अब्बांचा धंदा संपला तो संपलाच. पुढच्या वर्षी राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा धाकट्या भावाच्या डोक्यात कल्पना आली. रीतसर परवानगी काढून आम्ही सीटा उतरवल्या. दोन बाकडी, जी रात्री पलंग होतात. पाण्याची टाकी, छोटी शेगडी, दिव्या-पंख्यासाठी वेगळी बॅटरी. चाकावरचं घर तयार झालं. अम्मी म्हणाली, "आता तुमचे अब्बा घरात बसून माझं डोकं खाणार नाहीत."

वही मात्र मी पुढे चालवली नाही. फोटो आहेत ना फोनमध्ये, असं वाटायचं. फोनमध्ये समुद्र होता, मासे होते, पोरं होती. ऑइल कधी बदललं ते नव्हतं.

२०२२ च्या डिसेंबरात रत्नागिरीला निघालो. आंबा घाट उतरताना ब्रेकचा पाय मऊ लागायला लागला, मग खोल जायला लागला. शेजारी अब्बा होते. आवाज न चढवता म्हणाले, "दुसऱ्यात टाक. पाय सोड, परत मार." गाडी डोंगराच्या कडेला थांबली. मागे अम्मी आणि तीन पोरं होती. चाकांजवळ जळकट वास येत होता.

अर्ध्या तासानं पाय पुन्हा घट्ट झाला. हळूहळू उतरून साखरप्यात मेकॅनिक गाठला. त्याचा पहिला प्रश्न: "ब्रेक ऑइल कधी बदललंय?" मला उत्तर येईना. घरी येऊन लाल वही काढली. शेवटची नोंद २०१९ ची, अब्बांच्या अक्षरात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. जुनं झालं की लवकर उकळतं, नळीत वाफ होते आणि पाय दाबला तरी दाब चाकापर्यंत पोचत नाही. उभ्या गाडीतही हे होतंच. गाडी चालली नाही म्हणून मी निश्चिंत होतो, आणि तेल दारात उभ्या उभ्या म्हातारं होत होतं.

त्या रात्री वही पुन्हा सुरू झाली. अब्बा म्हणाले, "मी लिहितो, तू चालव." घरासारख्या गाडीला रकाने वाढले. गॅसच्या नळीवर छापलेली मुदत. टायरच्या बाजूवरचे चार आकडे, म्हणजे ते कुठल्या आठवड्यात, कुठल्या साली बनलं. नक्षी शाबूत असली तरी रबराला वय असतं. घरगुती बॅटरीचा सकाळचा व्होल्टेज: भरलेली असेल तर साडेबाराच्या वर, बारापर्यंत उतरली तर रात्री पंखा बंद. पाण्याची टाकी धुतल्याची तारीख. आणि डिझेल नेहमी टाकी फुल्ल करूनच, म्हणजे दोन फुल्ल टाक्यांमधले किलोमीटर भागिले लिटर केलं की ॲव्हरेज खरं निघतं.

२०२३ च्या पावसाळ्यानंतर वहीतलं ॲव्हरेज कोसळलं. साडेदहा देणारी गाडी साडेसहाच्या आत. मेकॅनिकनं एअर फिल्टर पाहिला, इंजेक्टर पाहिले, हवा तपासली. काहीच नाही. मग एका रात्री पंपाच्या पावत्या घेऊन बसलो. मीटर होता ३,१२,६४०. वहीत होतं ३,१२,४६०. त्यामुळे त्या टाकीचं ॲव्हरेज पडलं आणि पुढच्या टाकीचं एकदम चौदावर गेलं. तिथं मला कळायला हवं होतं. गाडीचा बिघाड हळूहळू वाढत जातो. साडेसहावरून चौदावर उडी मारत नाही. उडी मारतो तो लिहिणारा.

मागची पानं उलटली. एकच डिझेल दोनदा लिहिलेलं. ऑइल बदलीची नोंद आठ दिवसांच्या अंतरानं दोनदा, शब्दही तेच. अक्षर तेच वळणदार, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. बोलण्यात ते सांभाळून घ्यायचे, विसरलं की हसून विषय बदलायचे. वहीत विषय बदलता येत नाही.

डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे असं सांगितलं. लवकर आणलंत, म्हणाले. मी लाल वही सोबत नेली होती. त्यांनी पानं चाळली आणि पहिली चुकलेली नोंद कुठली, ते विचारलं. ऑगस्ट महिन्यातली. मी तारीख सांगू शकलो.

मला वाटायचं, वही गाडीची आहे. घाटात ती माझा आळस सांगून गेली आणि नंतर अब्बांचा आजार. आपल्याला सोयीचं तेवढं आठवतं. समुद्र आठवतो, ब्रेक ऑइल आठवत नाही. बापाचं म्हातारपण तर आठवायचंच नसतं. म्हणून रोजचं, कंटाळवाणं, पैशा-किलोमीटरचं लिहावं. फिरायला निघणाऱ्या कुणालाही मी आता एवढंच सांगतो: फोटो काढा, पण एक वहीही ठेवा.

आता लिहितो मी. अब्बा शेजारी बसून मीटर मोठ्यानं वाचतात. आकडे अजून बरोबर वाचतात. गाडी निघाली की विचारतात, "लिखा क्या?" मी पान दाखवतो. दहा मिनिटांनी पुन्हा विचारतात. गाडी बाजूला घेऊन मी पुन्हा दाखवतो.