जुलैतली वही

डायरी एक जानेवारीलाच सुरू करावी, असं कुणी ठरवलं? आम्हा शिक्षकांचं वर्ष जूनमध्ये शाळेच्या घंटेनं उघडतं, परभणीच्या शेतकऱ्याचं मृगाच्या पावसानं. 2025 मध्ये तर मोहरमचा चाँदही जूनअखेरीस दिसला आणि 1447 हिजरी लागलं. हे वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान, म्हणून कधी उन्हाळ्यात सुरू होतं, कधी थंडीत. मी जुलैत वही आणली.

फजरनंतर अर्धं पान, बस्स. वेळेची तक्रार कशी करणार? जिल्हाच गंगाखेडच्या जनाबाईंचा, दळता-कांडता अभंग रचणाऱ्या.

अडचण निघाली भाषेची. मग मराठी वहीच्या पुढून लिहायला लागलो, उर्दू मागून. दोन्हीकडची पानं मधे सरकताहेत. पण अम्मीचं बोलणं उतरवायला गेलो की दोन्हीकडे अडतं. तिची दखनी उर्दूत लिहिताना हात आपोआप मधे 'ने' घालतो. मराठीत लिहिली तर वाचणारा हसतो. अम्मी काही विनोद करत नसते. ती सत्तरीपार गेली, आणि घरातली मुलं टीव्ही-मोबाइलची हिंदी बोलतात. म्हणून रोज तिचं एक तरी वाक्य जसंच्या तसं लिहितो.

काल म्हणाली, "परसों तेरे अब्बा बैल बेचे." दखनीत 'परसों' म्हणजे मागे कधीतरी. अब्बांना जाऊन नऊ वर्षं झाली. या पानावर तारीख कोणती घालावी, विचार करतोय.